परतीचं कडवं

९ फेब्रुवारी

ताई,

मी इथे हवापालटाला येऊन बसलोय का? एका पानाच्या पत्रात तू तीनदा लिहिलंस, ‘तुझं तिकडे बरं चाललंय.’ एकदा लिहिलं असतंस तर विचारपूस समजलो असतो. तीनदा म्हणजे टोमणा. आणि फोन उचलायचा नाही हा कुठला कायदा? म्हणे, ‘फोनवर तू खोटं बोलतोस आणि अडचणीचं आलं की तुझी रेंज जाते. काय ते लिहून कळव. तुला लिहायचा कंटाळा आहे, म्हणून लिहिताना खरं लिहिशील.’

मी ज्यांच्याकडे काम करतो त्या सरांना हे वाचून दाखवलं. ते इतके हसले की ठसका लागला. म्हणाले, “बहिणीला सांग, पुरावा तपासायची ही पद्धत मी वर्गात चाळीस वर्षं शिकवली, इतकी नेमकी कुणाला जमली नाही.” घे. झालं कौतुक.

आता तुझ्या मुद्द्याचं. अध्यापिका विद्यालयाच्या यादीत तुझं नाव लागलं हे वाचून मला आनंद झाला. खरंच झाला. पण दोन वर्षं वसतिगृहात राहायचं, मग अंथरुणावरच्या बाबांचं कोण करणार, तर ‘तू ये.’ इतकं सोपं? जूनमध्ये विद्यालय सुरू होणार, म्हणजे मी मेमध्ये इथलं काम सोडायचं. इकडे आल्यापासून मी याआधी पाच कामं सोडलीत. फरशी घासायचं, शीतगृहातलं, सामान पोचवायचं, लिफ्टमधलं आणि छापखान्यातलं. (तू ‘सहा’ लिहिलंस. छत्र्यांच्या दुकानातले नऊ दिवस मी धरत नाही.) या कामावर मला चौदावा महिना चालू आहे. चौदा महिने मी कुठे टिकल्याचं तुला आठवतं का? हे सोडून येणं जमणार नाही. दर महिन्याला जास्त पैसे पाठवतो, तू एखादा माणूस ठेव.

काम कसलं, असं विचारलंस. लिखापढीचं. सर ब्याऐंशी वर्षांचे आहेत. जन्मभर विद्यापीठात एकच विषय शिकवला. अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीक लोक घोळक्याने नाचत जी गाणी म्हणायचे, ती गाणी. एकट्यादुकट्याने म्हणायची नव्हेत. दहा-पंधरा जणांनी एका आवाजात, पावलं टाकत. त्यातल्या चाली गेल्या, पावलं गेली, शब्द तेवढे उरले, तेही फाटके. लव्हाळ्याच्या कागदावर लिहिलेले आणि बरेचसे उकिरड्यात सापडलेले. जुन्या गावाचा कचरा उपसला तर त्यातून गाणी निघाली. मी म्हटलं, “सर, आमच्या गल्लीचा उपसला तर बाबांच्या शिव्या निघतील.”

सरांचे डोळे जवळजवळ गेलेत. एका गाण्यावर त्यांचं शेवटचं पुस्तक चाललंय. त्या गाण्याच्या चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यांत आहेत, एकोणीस खोकी. प्रत्येक चिठ्ठीवर एक ओळ आणि ओळीच्या डोक्यावर खुणा. पहिल्या दिवशी खोकं उघडलं आणि मी म्हटलं, “सर, हे तर लघु-गुरू!” अर्धा चंद्र म्हणजे लघु, आडवी रेघ म्हणजे गुरू. आठवतं? ‘यमाताराजभानसलगा’ पाठ नाही म्हणून मला आठवीत बाकावर उभं केलं होतं आणि तू भांडी घासता घासता माझ्याकडून घोकून घेतलंस. शाळेतलं तेवढं एकच डोक्यात राहिलं, आणि आज पोट त्याच्यावर चाललंय. ग्रीक अक्षरं मला कळत नाहीत, चोवीस आहेत, तोंडावळ्यावरून ओळखतो. पण खुणा मी धडाधड वाचतो. लघु लघु गुरू, गुरू लघु गुरू. सर डोळे मिटून ऐकतात.

बाबांना नमस्कार सांग. किंवा नको सांगूस. तूच ठरव.

तुझा
भोवरा


२६ फेब्रुवारी

ताई,

बरं, माणूस ठेवून झालाय, चूक झाली माझी. पहिला चार दिवस टिकला आणि दुसरा दुपारच्या जेवणापर्यंत. ‘बाबांची अर्धी जीभ गेली पण शिव्यांची बाजू शाबूत राहिली’ हे वाचून मी एकटाच हसत बसलो. मग पुढची ओळ वाचली, तुझी कंबर धरली ती.

तू त्यांना हाताने ओढतेस, तिथेच चुकतं. बाबा ऐंशी किलोच्या वर असतील. कुशीवर वळवायचं तर आधी त्यांच्या पलीकडच्या पायाचा गुडघा वर दुमडून घे. एक चादर घडी करून पाठीपासून मांड्यांपर्यंत त्यांच्या खाली कायमची राहू दे. वळवताना तुझा एक गुडघा गादीवर टेकव, चादर मुठीत धर आणि सगळं अंग मागे झोक. ओढायचं ते वजनाने, हाताने नाही. वळवल्यावर दोन गुडघ्यांच्या मधे उशी. आणि आधी सांगत जा, ‘वळवते हं.’ न सांगता वळवलं की माणूस घाबरून ताठ होतो, मग दुप्पट जड लागतो.

इकडे माझ्यावर मोठी जबाबदारी आलीय. सरांनी सगळं गाणं चिठ्ठ्यांवरून मोठ्या कागदावर उतरवायला मला दिलं. ते मॅडमकडे जाणार. मॅडम म्हणजे सरांची जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः प्राध्यापक आहे, पुस्तक छापायच्या आधी तीच तपासते.

गाणं मुलींचं आहे. कुणी रचलं माहीत नाही, नावाचा कोपरा किड्यांनी खाल्ला. मुली त्यांच्या पुढे असलेल्या मुलीची चेष्टा करतात. सरांनी सांगितलेला अर्थ लिहितो. ‘आमच्या पुढची बघा, टाचांना किती धूळ! ती वळली की आम्ही वळतो. ती वळायची विसरली तर आम्ही सगळ्याजणी विहिरीत.’ दोन-अडीच हजार वर्षांची थट्टा आहे ही. मला तुझी शाळेतली कवायत आठवली. तू सगळ्यांच्या पुढे असायचीस आणि मागे वळून बघायची नाहीस. मी कुंपणाबाहेरून हाका मारायचो, तरी नाही.

अशा गाण्यात कडव्यांची जोडी असते. एक म्हणताना मुली एका बाजूला जातात, दुसरं म्हणताना वळून परत येतात. मग एक कडवं उभं राहून. सरांचे शब्द भारी आहेत, मी आपलं जाण्याचं कडवं, परतीचं कडवं आणि उभं कडवं म्हणतो. गंमत म्हणजे जाण्याचं आणि परतीचं मापाला सारखं. एखाद्या ठरलेल्या जागी लघुच्या जागी गुरू चालतो, पण एकूण पाऊल कमी नाही आणि जास्त नाही. त्यामुळे कागद फाटून परतीची ओळ गेली, तरी जाण्याच्या ओळीवरून कळतं की किती अक्षरं गेली असतील.

मी अकरा पानं अशी उतरवली की बघत राहावं. सरांचा हात थरथरतो, चिठ्ठ्यांवर जिकडेतिकडे शाईचे ठिपके पडलेत, कंस अर्धवट सुटलेत, मधेच वीतभर जागा कोरी. ती सगळी घाण काढली. ओळी एकाखाली एक, कुठे खिंडार म्हणून नाही. काल रजिस्टरने पाठवलं. आठवी नापासाच्या हातचं ग्रीक, ताई. हसू नकोस.

यायचं म्हणशील तर अजून तेच, जमेलसं दिसत नाही.

भोवरा


१४ मार्च

ताई,

पकडलंस. ‘कुशीवर वळवताना गुडघा गादीवर टेकवायचा, हे लिखापढीच्या कोणत्या ऑफिसात शिकवतात?’ तुझी ती ओळ मी सरांना वाचून दाखवली नाही.

ऑफिस नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आहेत. मागच्या वर्षी ऐन थंडीत सर न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून त्यांचं उठणं-बसणं, दाढी, आंघोळ, संडास, सगळं मी करतो. मला ठेवलं होतं ते त्याच्यासाठीच. चिठ्ठ्या नंतर आल्या. इस्पितळातल्या परिचारिकेने मला तीन दिवस उभं राहून शिकवलं, वळवायचं कसं, टेकवायचं कसं, पाठीला फोड येऊ द्यायचे नाहीत ते कसं. सर चव्वेचाळीस किलोचे आहेत, तरी पहिल्या आठवड्यात माझी पाठ गेली. मग तुझी काय दशा होत असेल, हे कळत होतं मला. कळून मी तुला पैसे पाठवत होतो.

पहिल्या आंघोळीला आम्ही दोघंही नळाकडे बघत होतो. शेवटी सर म्हणाले, “आपण शिकवणी घेऊ.” तेव्हापासून आंघोळ म्हणजे माझा तास. पाठीला साबण लागला की ते ओळ म्हणतात आणि मी मापं सांगतो. चुकलो की ते पाण्यावर हात मारतात. ब्याऐंशी वर्षांचा माणूस लाज लपवायला व्याकरण शिकवतो, आणि मी शिकतो, कारण मलाही लपवायची असते.

‘परक्याच्या बापाला न्हाऊ घालतोस आणि स्वतःच्या बापासाठी माणूस ठेव म्हणतोस.’ याच्यावर मी तीन दिवस उत्तर शोधलं. परक्याचं सोपं असतं, एवढंच सापडलं. सरांनी मला लहानपणी ट्रकमध्ये पुढे बसवून हॉर्न वाजवू दिला नव्हता. त्यांचा हात उचलला तर तो नुसता हात असतो.

इकडे कामात जरा गडबड झालीय. मॅडमचा फोन आला होता. विशेष काही नाही.

भोवरा


२९ मार्च

ताई,

आख्ख्या पत्रात एकच ओळ, ‘रेंज गेली वाटतं.’ याला पाकीट आणि तिकीट लावलंस! बरं. सांगतो.

मॅडमचा फोन आला तेव्हा मी सरांचे मोजे बदलत होतो. स्पीकर लावला. ती पलीकडून जवळजवळ ओरडलीच, “सर! तुम्हाला आख्खं गाणं सापडलं? कुठे? आणि मला सांगितलं नाहीत?”

“काय बोलतेस?”

“एकही अक्षर गेलेलं नाही. एकही अक्षर शंकेचं नाही. अकराच्या अकरा पानं अखंड.” मग आवाज खाली आला. “सर, तुमची तब्येत बरी आहे ना?”

सरांनी तोंड माझ्याकडे वळवलं. दिसत नाही त्यांना, पण वळवलं. “ठिपके कुठे गेले?”

“काढले, सर.”

“का?”

“घाण दिसत होती.”

ताई, ते शाई गळून पडलेले ठिपके नव्हते. अक्षराखाली ठिपका म्हणजे हे अक्षर नक्की नाही. कंसात चार ठिपके म्हणजे इथली चार अक्षरं फाटून गेलीत. अर्धा कंस म्हणजे कागद इथून तुटला. कोरी जागा मोजून सोडलेली. चाळीस वर्षं हा माणूस भिंग घेऊन एकेक ठिपका टाकत होता, आणि मी फडकं मारावं तसं सगळं साफ करून जे उरलं ते एकमेकांना चिकटवून दिलं. मॅडमला वाटलं, सरांचं डोकं तरी फिरलं, नाहीतर म्हातारपणी नाव व्हावं म्हणून ते लबाडी करतायत.

सर ओरडले नाहीत. म्हणाले, “आपल्याला काय माहीत नाही, आणि ते किती माहीत नाही, एवढंच माझं जन्मभराचं काम. ते तू झाडून काढलंस.”

मी बॅग भरायला घेतली. मला ते चटकन जमतं, सात मिनिटांत होते. सरांनी चेनचा आवाज ऐकला.

“कुठे निघालास?”

“दुसरं काम बघतो, सर.”

“आणि हे कोण निस्तरणार? माझे डोळे? बॅग ठेव. उद्या सकाळी पहिल्या ओळीपासून.”

आजवर मला कुणी निस्तरायला थांबवून घेतलं नव्हतं. ‘चालता हो’ म्हणायचे, मी चालता व्हायचो. दोघांचं काम सोपं.

आता आम्ही असं करतो. चिठ्ठीवरचे काही ठिपके इतके फिके आहेत की मला नक्की सांगता येत नाही, चार की पाच. म्हणून सर खुर्चीत काठी घेऊन बसतात आणि मी चालतो. गुरूला अख्खं पाऊल, लघुला अर्धं. जाण्याचं कडवं कपाटापासून खिडकीपर्यंत, मग वळून परतीचं, खिडकीपासून कपाटापर्यंत. जिथे अक्षरं फाटलीत तिथे तोंड बंद, पण पाऊल टाकायचंच. सरांची काठी तिथेही वाजते. मुकं चालायचं. कपाटाशी पोचलो की हिशेब जुळला, नाही पोचलो तर कुठेतरी ठिपका खाल्लाय. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचा शिंपी वर आला आणि म्हणाला, “घरात घोडा बांधलाय का?”

परवा मला कंटाळा आला. सातवी ओळ, परतीचं कडवं, पोटऱ्या भरून आलेल्या. मी शेवटची दोन पावलं टाकलीच नाहीत.

“दोन खाल्लीस,” सर म्हणाले.

“कपाट आलं मधे.”

“कपाट सरकव. जाताना टाकलीस तितकी येताना टाकायची. परतीला सूट नसते.”

मी चहा ठेवायला गेलो. चहा नुकताच झाला होता.

भोवरा


१२ एप्रिल

ताई,

नऊ पानं झाली. दोन राहिलीत. तीस तारखेपर्यंत होतील आणि मग मी निघतो. वाचलंस ना? निघतो. तू जूनला विद्यालयात जा.

मी पाच वर्षांपूर्वी बाबांशी भांडून गेलो असं तू समजतेस, सगळे समजतात, मीही समजू दिलं. भांडण झालंच नव्हतं. तू बाजारात गेली होतीस. बाबा लांबच्या फेरीवरून आले होते, आंघोळ करून दारात बसले होते, चांगले शांत. मी पंपावरचं काम सोडून चार दिवस घरी लोळत होतो. म्हणाले, “आई गेली तेव्हा तू आठ वर्षांचा. मी महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. तुझ्यासाठी मी पोरीची दहावी सोडवली. रडली नाही ती. वह्या बांधल्या आणि माळ्यावर टाकल्या.” तेवढंच. पुढे काही नाही. मग चप्पल घालून विडी आणायला गेले.

तोवर मला वाटायचं, तुला शाळेचा कंटाळा होता म्हणून तू सोडलीस. तूच तसं सांगितलं होतंस. मी आठवीत दप्तर फेकलं तेव्हा तू दोन दिवस जेवली नव्हतीस, आणि मी म्हटलं होतं, ‘तू सोडलीस ती चालते, मी सोडली की सुतक.’ ते मला त्या दारात आठवलं. बाबांनी शिव्या दिल्या असत्या तर मी थांबलो असतो. तू बाजारातून यायच्या आत मी स्टँडवर होतो. तुझं तोंड बघायचं नव्हतं मला. पुढे तू दहावी दिलीस, बारावी दिलीस, बाहेरून, बाबांचं सगळं करून, तेव्हाही मी फोनवर ‘वा वा’ म्हटलं आणि ठेवून दिला.

सरांना सांगितलं. सोपं गेलं नाही.

“पगार वाढवतो.”

“पगाराचं नाही, सर.”

“मग तिकडे कोण आहे?”

“बाबा.”

“आणि मी कोण आहे?”

मी त्यांचं पांघरूण नीट करत राहिलो, ते नीटच होतं. दोन दिवस त्यांनी माझ्याशी लघु-गुरूपलीकडे शब्द काढला नाही. दाढी करू दिली नाही. गालावर पांढरे खुंट, आणि तोंड भिंतीकडे. ताई, हा माणूस मला आवडतो गं. मला लेखनिक म्हणतो. ‘अहो लेखनिक, दहाव्या ओळीचं काय झालं?’ मला आजवर कुणी अहो म्हटलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी त्यांनी ओळ म्हणायच्या ऐवजी विचारलं, “बहीण किती वर्षं करतेय?”

“बाबांचं दोन वर्षं. माझं धरून सोळा.”

त्यांनी पाण्यावर हात मारला नाही. नुसता ठेवला.

दुपारी मॅडमला फोन लावायला सांगितला. तिचा एक विद्यार्थी आहे, खोली शोधतोय. तो इथे राहणार आणि सरांचं बघणार. मी त्याला वळवायचं, टेकवायचं शिकवून निघेन. सर आत्तापासून कुरकुरतायत. “त्याला ग्रीक येतं म्हणे. म्हणजे तो माझ्याशी वाद घालणार.”

भोवरा


२३ एप्रिल

ताई,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. ‘येऊ नकोस. मी फी भरत नाही, पंचवीसला मुदत संपते, संपू दे. तू दोन महिन्यांत कंटाळशील आणि एका सकाळी बॅग घेऊन जाशील, मग मला मधेच सोडून यावं लागेल. मी एकदा मधेच सोडलंय. दुसऱ्यांदा मला नाही झेपणार. त्यापेक्षा सुरूच नको.’

आधी राग आला. इतकी वर्षं ये ये म्हणायचं आणि निघालो तर दार लावायचं. मग सरांना वाचून दाखवलं. म्हटलं, आता हे मला म्हणतील बघ कशी कृतघ्न आहे. ते म्हणाले, “बरोबर लिहिलंय तिने. तुझ्याबद्दल तिच्याकडे पुरावा काय आहे?”

काही नाही. खरंच काही नाही. म्हणून मी शपथ घालत नाही, माझ्या शपथा तुझ्याकडे पोत्याने पडल्या असतील. मला जे माहीत आहे तेवढं लिहितो आणि जे नाही तेही लिहितो.

मी दोन मेच्या गाडीने निघतो. चारला दुपारी घरी. तिकीट काढलंय, हे नक्की. मेभर तू घरात असतानाच मी बाबांचं सगळं हातात घेणार, म्हणजे तू जाशील तेव्हा त्यांना परका हात लागणार नाही. हेही नक्की. ते मला शिव्या देतील, आणि पहिल्या आंघोळीला आम्ही दोघं नळाकडे बघणार. त्यांना शिकवायला काही नाही आणि मला शिकायला. ट्रकचे रस्ते विचारीन म्हणतो, कुठल्या घाटात ब्रेक तापतात वगैरे. बोलतील का, माहीत नाही. अर्ध्या जिभेने किती बोलतील, तेही नाही.

ऑक्टोबरच्या सुमाराला मला पळावंसं वाटेल. ते माझं ठरलेलं आहे, कुठेही पाचव्या-सहाव्या महिन्यात पाय खाजायला लागतात. इथेही लागले होते. जूनमध्ये मी दोनदा बॅग भरली होती, सरांना ते माहीत नाही. तेव्हा मी जिन्यावरून खाली जाऊन वर यायचो, तीन मजले, चार-पाच खेपा, आणि भाजी टाकायचो. यापेक्षा चांगला उपाय मला सापडलेला नाही. पळावंसं वाटलं तर तुला लिहीन, त्याच दिवशी, ‘आज वाटतंय’ असं. तू उत्तर द्यायची गरज नाही. नुसतं लिहिलं की मला बरं वाटतं, हे या तीन महिन्यांत कळलं. तू फोन उचलला नाहीस म्हणून कळलं, नाहीतर कुठलं.

आणि पळालोच तर? तर तू मला कधी दारात उभं करू नकोस. यापुढे मला नक्की काही सांगता येत नाही. ती जागा कोरी सोडतो.

काल पानं पूर्ण झाली. शेवटच्या ओळीला चार अक्षरं गेलेली आहेत. सरांनी तीस वर्षांपूर्वी तिथे स्वतःचा एक शब्द सुचवला होता, फार सुंदर आहे म्हणे, सगळ्यांनी उचलला. काल मला म्हणाले, “काढ तो. चार ठिपके टाक.” मी टाकले. मॅडमला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “सर, तो शब्द मला अजून पाठ आहे.” सर म्हणाले, “मलाही. म्हणून काय झालं?”

माझ्या पोटऱ्या दुखतायत. सकाळी नव्या मुलाला सरांना कसं टेकवायचं ते दाखवलं. हुशार आहे, पण हात थंड. सरांनी “हात गरम करून ये” म्हणून त्याला स्वयंपाकघरात पिटाळलं. मग मला म्हणाले, “दाढी तू कर. तू आहेस तोवर सरळ होऊ दे.” केली. कुठे कापलं नाही.

आता एक गोष्ट मी तुला न विचारता केलीय. सकाळी बँकेत गेलो होतो. तिथूनच तुझ्या विद्यालयाला फोन लावला. तू पहिल्या पत्रात प्रवेशाचा क्रमांक लिहिला होतास, तो सांगितला. तिथल्या कारकुनाने विचारलं, “पैसे कोण भरतंय? विद्यार्थिनीशी नातं?”

“भाऊ.”

“मोठा?”

“फॉर्ममध्ये तशी जागा आहे का?”

“नाही, सहज विचारलं.”

“धाकटा.”

“असं,” म्हणाला. का ते त्यालाच माहीत.

पहिल्या वर्षाची फी आणि वसतिगृहाचे सहा महिने. सरांनी राहिलेला पगार दिला, वर एक महिन्याचा जास्त दिला, मी नको म्हटलं तर म्हणाले की पुस्तकाच्या पहिल्या पानावर आभार मानायचे ते आत्ताच मानतोय. त्यातून तिकीट गेलं. पावती सोबत जोडलीय. तिच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलंय की भरलेली रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही. मी ते विद्यालयाच्या कारकुनाला पुन्हा फोन करून दोनदा विचारून घेतलं. तो म्हणाला, “काळजी करू नका, साहेब, अडचण आली तर अर्ज करता येतो.” मी म्हटलं, “नाही नाही, परत मिळायलाच नको.”

आता तू नाही गेलीस तर हे पैसे बुडाले, आणि तू पैसे बुडू देणाऱ्यातली नाहीस, हे मला पक्कं माहीत आहे.

तुझ्या नावावर भरले, बावीस हजार सहाशे.